नव्या गाडीतली ‘टक’

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी तक्रार लिहून दिली : ‘पुढून ठक-ठक आवाज येतो.’ शेजारी उभ्या बायकोनं लगेच दुरुस्ती केली, “ठक नाही रे, टक.” तेव्हा मला तो शब्दांचा कीस वाटला. गाडी आठ महिन्यांची, नऊ हजार किलोमीटर चाललेली. तिच्यात आवाज यावाच का, एवढाच माझा राग. पण बायकोचं बरोबर होतं. निदानाचा पहिला धागा त्या एका अक्षरात होता.

दोन वस्तू आदळल्या की त्यांचा स्पर्श किती काळ टिकतो, यावर आवाजाचा पोत ठरतो. लोखंडावर लोखंड आपटलं तर हा स्पर्श जेमतेम एखादा मिलिसेकंद टिकतो, आणि इतक्या आखूड धक्क्यात हजार हर्ट्‌झच्या आसपासचे सूरही भरपूर असतात. मध्ये रबर आलं की स्पर्श लांबतो, वरचे सूर गळून जातात आणि उरतो ‘धप्प’. आपल्या भाषेत ही वर्गवारी आयतीच आहे. कुरकुर म्हणजे काहीतरी घासतंय. खडखड म्हणजे सुटी वस्तू पुन्हा पुन्हा आपटतेय. ‘टक’ म्हणजे एकच ठोका, कोरडा, मध्ये रबर नसलेला. आणि सस्पेन्शनच्या बऱ्याच सांध्यांत रबर असतं. मग हे उघडं लोखंड कुठलं?

पहिल्या फेरीत उत्तर मिळालं, “साहेब, नवीन गाडीत येतोच थोडा आवाज, सेट होईल.” दुसऱ्या फेरीत दोन्ही लिंक रॉड बदलले. तिसऱ्या फेरीत शॉकअपचं वरचं माउंटिंग बदललं. सगळं वॉरंटीत, त्यामुळे खिशाला चाट नाही. पण आवाज जिथल्या तिथे.

लिंक रॉडवर संशय घेणं चूक नव्हतं, हे मान्य करायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्यानं तो 1940च्या दशकात आखला आणि 1950 साली ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल गाडीतून तो रस्त्यावर आला. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. खाली लोअर आर्म, म्हणजे चाकाला धरून ठेवणारा आडवा हात, जो दोन बुशांमधून (बुश म्हणजे लोखंडी नळीभोवती रबर) सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या चौकटीला, बोल्टनं जोडलेला. याशिवाय दोन्ही चाकांना जोडणारी एक आडवी सळई असते, स्टॅबिलायझर बार. ती चाकांच्या खांबांना ज्या दोन काड्यांनी जोडतात, त्या लिंक रॉड. त्यांच्या टोकांचे छोटे गोळे झिजले की ते वाजतात. गॅरेजमध्ये ‘पुढून आवाज’ म्हटलं की पहिला हात तिकडे जातो, आणि पुष्कळदा तो बरोबरच पडतो.

पण याची परीक्षा एकही पार्ट न बदलता घेता येते. दोन्ही पुढची चाकं एकदम वर गेली तर ही सळई आपल्या जागी नुसती फिरते. तिला पीळ बसत नाही, लिंक रॉडवर ताण जवळजवळ येत नाही. एकच चाक चढलं तर सळई पिळवटते आणि ताण येतो. म्हणजे स्पीडब्रेकर सरळ ओलांडताना शांतता आणि एका चाकाखाली खड्डा आला की आवाज, असं असेल तर संशय लिंक रॉडवर. आमची गाडी दोन्हीकडे वाजत होती. ही परीक्षा कुणी घेतली असती तर दुसरी फेरी वाचली असती.

तिसऱ्या फेरीनंतर एका रविवारी मी डिकी रिकामी केली. जॅक, पाना, स्टेपनी, दाराच्या खणातल्या बाटल्या, सगळं घरी ठेवलं (सस्पेन्शनच्या तक्रारींमध्ये स्टेपनीचे सैल स्क्रू किती निघतात, हे कुठल्याही फोरमनला विचारा). आवाज राहिला. मग तो पुढचा की मागचा? गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण अडीच मीटर अंतर. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर. स्पीडब्रेकरवर पुढच्या आणि मागच्या धक्क्यात अर्ध्या सेकंदाचं अंतर पडतं, आणि ते कानाला सहज कळतं. टक पहिल्या धक्क्याबरोबर होती. ब्रेकवर हलका पाय ठेवून खड्ड्यांतून गेलो. ब्रेक पॅड वाजत असते तर दाबाखाली गप्प बसले असते. बसले नाहीत.

उलगडा झाला तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रात्री. गाडी पुढे घेऊन कचकन ब्रेक मारला : टक. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा ब्रेक : काही नाही. तिसऱ्यांदाही नाही. मग रिव्हर्स घेऊन ब्रेक : टक. आणखी एकदा रिव्हर्स : शांत. पहिल्या मजल्यावरचे काका बाल्कनीत येऊन बघून गेले, पण मी खूश होतो. दिशा उलटली की एकदा, आणि फक्त एकदाच वाजणारी गोष्ट म्हणजे काय? बुशातलं रबर दबलं असतं तर जोर सुटताच स्वतःहून परत आलं असतं आणि पुढच्या ब्रेकला पुन्हा दबलं असतं. ही वस्तू सरकून तिथेच बसत होती, उलटा धक्का मिळेपर्यंत. असं वागतो तो केवळ घर्षणानं धरलेला सांधा. म्हणजेच बोल्ट.

कुठल्या बाजूचा, हे कानानं ठरवायला गेलो तर फसलो असतो, फसलोच होतो. आम्ही दोघं शपथेवर सांगत होतो की आवाज डावीकडून येतो. डावं-उजवं आपण ओळखतो ते मुख्यतः दोन कानांपर्यंत आवाज पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून. हा फरक फार तर 0.7 मिलिसेकंदाचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, पोलादात पाच हजार मीटर. खालचा ठोका पोलादातून क्षणात सगळ्या सांगाड्यात पसरतो आणि जो पत्रा त्या सुराला साथ देतो तो बोलतो. आपल्याला ऐकू येतो तो पत्रा, ठोका नव्हे. आणि अलीकडच्या गाड्यांची केबिन इतकी शांत झाली आहे की पूर्वी इंजिनाच्या गुरगुरीत बुडून गेला असता तो ठोकाही आता उघडा पडतो. इलेक्ट्रिक गाड्यांत तर विचारूच नका.

कंपन्या या आवाजांमागे मोठी यंत्रणा लावतात. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, म्हणजे 1966 साली स्थापन झालेल्या वाहन संशोधन संस्थेत, आवाज आणि कंपनांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तिचं गल्लीतलं भावंड म्हणजे चिमट्यांना लावलेले चार-सहा मायक्रोफोन. ते संशयित सांध्यांना चिकटवायचे, हेडफोन घालून गाडीत बसायचं आणि एकेक चॅनेल ऐकत जायचं. ओळखीच्या एका मेकॅनिककडे असा संच होता. पार्किंगमधलीच कवायत पुन्हा केली. सगळ्यांत टोकदार टक उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बोल्टवर लागली. उजव्या!

सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी लिफ्टवर चढली. टेक्निशियननं टॉर्च मारून सांगितलं, “सर, मार्क जागेवर आहे. बोल्ट ढिला नाही.” कारखान्यात बोल्ट आवळल्यावर त्याच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक रेघ ओढतात, बोल्ट फिरला तर रेघ तुटते. ही रेघ अखंड होती. तीन फेऱ्यांत तिनंच सगळ्यांना परत पाठवलं असणार.

पण बोल्ट न फिरताही ढिला होतो. बोल्ट म्हणजे खरं तर एक अतिशय ताठ स्प्रिंग. 12 मिलिमीटर जाडीचा बोल्ट 100 न्यूटन-मीटरनं आवळला की तो सुमारे चार टनांच्या जोरानं सांधा दाबून धरतो, आणि त्यासाठी स्वतः ताणला जातो तो अवघा 0.15 मिलिमीटर, दोन केसांच्या जाडीएवढा. आता बोल्टखाली रंगाचा जाड थर किंवा कापताना राहिलेली बारीक कड असेल आणि ती पहिल्या काही हजार किलोमीटरांत 0.1 मिलिमीटर चेपली, तर बोल्टचा दोन तृतीयांश ताण गेला. रेघ मात्र जशीच्या तशी. बुशाची नळी दोन्ही बाजूंच्या घर्षणावर जिथे 1200 किलोंचा आडवा जोर सोसायची, तिथे आता 400 किलोंनाच सरकते. जोरात ब्रेक किंवा मोठा खड्डा पुरे. बोल्टच्या भोकात असलेली जराशी फट ओलांडून लोखंड लोखंडावर आदळतं.

अशी आडवी सरकासरकी पुढे बोल्टला फिरवूही लागते, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं 1969 साली दाखवून दिलं. आमचं प्रकरण त्याच्या अलीकडच्या पायरीवर होतं.

मी टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘कट्’ वाजणारा पाना, लावायचा हट्ट धरला. रेंचनं ‘कट्’ म्हणून थांबायच्या आधी बोल्ट फिरला, घड्याळात पाच मिनिटं होतात तेवढा. मग तो काढल्यावर नळीच्या तोंडाशी घासून चकाकलेली कड दिसली आणि बोटाला तांबूस भुकटी लागली. घासणाऱ्या लोखंडाचा हा गंज. तोंडं साफ करून नवा बोल्ट घातला, पण शेवटचा आवळा गाडी खाली चाकांवर उभी करून दिला. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर बुशाचं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि लवकर फाटतं.

टेक्निशियननं पिवळ्या मार्करनं नवी रेघ ओढली. मग न सांगता डाव्या बाजूच्या बोल्टलाही रेंच लावला. तो हललाच नाही.