वॅक्सआधी पॉलिश (मोटारीचा रंग)

मोटारीच्या रंगाला झळाळी आणताना आधी पॉलिश आणि मग वॅक्स हा क्रम पाळला जातो, कारण दोघांची कामे वेगळी आहेत. पॉलिशमध्ये घासणारे अतिसूक्ष्म कण असतात, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे. ते रंगाचा सर्वांत वरचा पातळ पापुद्रा काढून पृष्ठभाग सपाट करतात. वॅक्स काहीच काढत नाही. जो पृष्ठभाग मिळेल त्यावर संरक्षक थर चढवते. क्रम उलटा झाला, तर पॉलिशचे कण आधी ते वॅक्सच खरवडतात, मेण पॅडमध्ये (पॉलिश घासायच्या मऊ गादीत) भरते आणि ओरखडे जिथल्या तिथे राहतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर सहसा प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. रंग निस्तेज दिसतो तो बहुधा याच थरावरच्या बारीक ओरखड्यांमुळे. उन्हात किंवा टॉर्चच्या उजेडात बोनेटवर गोल गोल जाळी दिसते. प्रत्यक्षात ते ओरखडे वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे ओरखडे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. वॅक्स ही जाळी काही काळ भरून झाकू शकते, पण वॅक्स उतरले की ती पुन्हा दिसते.

पॉलिशपूर्वीची साफसफाई हा या कामाचा निम्मा भाग मानावा. गाडी शाम्पूने धुतल्यावरही रंगात रुतलेले लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक तसाच राहतो. धुतलेल्या पत्र्यावरून हात फिरवल्यावर खरखर लागली, तर भरपूर वंगण (क्ले घसरण्यासाठीचे खास द्रव) फवारून क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी चिकणमातीसारखी वडी, फिरवावा. क्ले खाली पडली की ती टाकूनच द्यावी. जमिनीवरचा एक खडा रंगावर लांब चरा पाडतो. नंतर गाडी पूर्ण कोरडी करून रबर, काळे प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाकाव्यात. कडांवर रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा दाब तिथे एकवटतो, त्यामुळे रंग आरपार घासला जातो तो बहुधा कडेलाच.

काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. आधी साधारण ४० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनावर चाचणी घ्यावी, तीही सर्वांत मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने. तेवढ्याने भागले नाही तरच कडक पॅड किंवा कंपाऊंडकडे (जास्त खरखरीत, अधिक कापणाऱ्या पॉलिशकडे) वळावे. नवशिक्याने ड्युअल ॲक्शन मशीन वापरावे. त्याचा पॅड फिरता फिरता डोलतो, एकाच जागी उष्णता साचत नाही. रोटरी मशीन, ज्याचा पॅड नुसता गोल फिरतो, जलद कापते, पण अननुभवी हातात रंग तापवते आणि उन्हात दिसणारे होलोग्रामसारखे पट्टे सोडते. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. कमी वेगावर पॉलिश पसरवावे, मग वेग वाढवून मशीन सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या संथपणे न्यावे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, आधी उभ्या आणि मग आडव्या दिशेने एकूण चार ते सहा फेऱ्या कराव्यात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करणे टाळू नये; पॅडमध्ये साचलेला रंगाचा चुरा आणि सुकलेले पॉलिशच नवे ओरखडे पाडतात.

सौम्य पॉलिशच्या एका आवर्तनात साधारण १ ते ३ मायक्रॉन थर जातो. हिशेब साधा वाटतो, पण सगळा क्लिअर कोट वापरण्याजोगा नसतो. अतिनील किरणांपासून बचाव तोच करतो. तो फार पातळ झाला तर काही वर्षांत पांढरट होऊन सोलपटे निघतात. त्यावर इलाज एकच, पुन्हा रंगकाम. म्हणून नख अडकेल इतका खोल चरा पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कडा मवाळ केल्या तरी तो नजरेत येत नाही. जाडी मोजणारे नेहमीचे गेज पत्र्यावरची एकूण जाडी सांगते, क्लिअर कोटची वेगळी नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या रंगावर पॅडला गाडीचाच रंग लागतो. तो दोष नव्हे.

पॉलिशमधील तेले ओरखडे तात्पुरते झाकतात आणि वॅक्सला चिकटू देत नाहीत. त्यामुळे पॉलिशनंतर पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसावे. ओरखडे खरोखर गेले की नाही हे इथेच कळते. मग वॅक्स लावावे, शक्य तितके पातळ. जाड थराने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. वॅक्सवर धुरकट पापुद्रा आला की बोट फिरवून पाहावे. बोटाखालचा भाग स्वच्छ निघाला तर पुसण्याची वेळ झाली.

ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण खोल, ओलसर झळाळी देते, पण काही आठवडे ते दोन-तीन महिनेच टिकते. कृत्रिम सीलंट (मेणाऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर) त्याहून जास्त टिकते. वॅक्स विरले की गाडी धुऊन पुन्हा वॅक्स लावावे. दर वेळी पॉलिशची गरज नसते. मॅट रंगाला मात्र पॉलिश कधीच लावू नये, घासलेला भाग कायमचा चकाकतो. गॅरेजमध्ये नुकत्याच रंगवलेल्या भागातून द्रावक बाहेर पडत असतात, म्हणून तिथे रंग बनवणाऱ्याने सांगितलेली मुदत संपेपर्यंत वॅक्स टाळावे.