बोलके प्राणी (ॲनिमेशनपटांतील)

माणसाच्या भाषेत बोलणाऱ्या, माणसासारखे मनसुबे रचणाऱ्या आणि अनेकदा कथेचे नायकपद पेलणाऱ्या पशुपक्ष्यांच्या चित्रपात्रांना ही संज्ञा लावतात. ॲनिमेशनपट म्हटला की उंदीर, बदक, सिंह किंवा मासा बोलताना दिसणार, ही प्रेक्षकांची धारणा विसाव्या शतकात घट्ट झाली आणि त्यातूनच अशा चित्रपटांना माणसांची पात्रे चालत नाहीत काय, असा प्रश्न उभा राहिला. बोलके प्राणी ही या माध्यमाची गरज नाही. चित्रकारांच्या अडचणी, कथनाची जुनी परंपरा आणि बाजाराची सोय यांतून रुजलेला तो एक संकेत आहे. मात्र या चर्चेत दोन गोष्टींची सतत गल्लत होते. प्राणी हे पात्र असणे ही एक गोष्ट आणि त्या पात्राने बोलणे ही दुसरी. पहिलीमुळे चित्रपटाला जे बळ मिळते, ते दुसरीमुळे कित्येकदा खर्ची पडते.

मराठी प्रेक्षकाला बोलका प्राणी पडद्यावर प्रथम भेटला, असे नाही. पंचतंत्र, हितोपदेश आणि जातककथा यांचा वारसा आहेच. शिवाय तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींनी सांगितलेली काऊचिऊची गोष्ट आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या कथा ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत आल्या, तर सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्ञानेश्वरांनी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे रेड्यामुखी वेद वदवल्याची आख्यायिका तर घरोघरी सांगितली जाते, आणि तिच्यात रेड्याच्या बोलण्याला नेमके प्रयोजन आहे : जे ज्ञान माणसांनी माणसांना नाकारले, ते त्या मुक्या जिवाच्या तोंडून बाहेर पडते. बोलणारा प्राणी असा असावा की त्याच्या जागी माणूस ठेवला तर कथाच मोडेल. काऊचिऊच्या गोष्टीत तसे नाही. तिथली चिऊताई ही बाळाला न्हाऊमाखू घालणारी गृहिणी आहे आणि तिला चोच आहे हे ऐकणारे मूल खुशाल विसरू शकते. पडद्यावर ती चोच क्षणोक्षणी दिसत राहते. तोंडी गोष्ट आणि ॲनिमेशनपट यांतला हा मोठा फरक असून, प्राणिकथा जशीच्या तशी चित्रपटात उतरवताना तो बहुधा दुर्लक्षिला जातो.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील लोकजीवन व रंगपरंपरा या दृष्टीने विशेष पाहण्याजोगी आहे. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. भाव्यांच्या नाटकांत आरंभी गजमुख गणपती रंगमंचावर येई आणि मयूरवाहिनी सरस्वती नाचत प्रवेश करी. प्राण्याचे मस्तक व माणसाची वाणी यांचा संयोग येथील प्रेक्षकाने छापील चित्रमालिकांच्या फार आधी मनापासून स्वीकारला होता. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या आणि त्यांचे पुनरुज्जीवन पुढे रामदास पाध्ये यांनी केले. या बाहुल्यांचे चेहरे हलत नाहीत, तरी मान आणि हात यांच्या चालनातून त्या जिवंत वाटतात. निर्जीव आकृतीत प्राण ओतायला बोलणारे तोंड अपरिहार्य नसते, याचा हा सांगलीतलाच दाखला होय.

दुसरा दाखला दारी येणाऱ्या नंदीबैलाचा. गुबुगुबू वाजत असताना मालक विचारतो, यंदा पाऊस पडेल काय, आणि झूल पांघरलेला बैल मान हलवतो. बैल एक शब्दही बोलत नाही. प्रश्न, वाद्याचा ताल आणि मानेची हालचाल यांतून उत्तर उभे राहते, आणि जमलेल्या पोरांना ते पुरते. बेंदराला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या, माणदेशात मेंढरांमागे फिरणाऱ्या मुलांना जनावराचे कान, शेपटी आणि नजर यांवरून त्याची भूक, भीती किंवा राग ओळखता येतो. अशा प्रेक्षकासाठी प्राण्याच्या मनातले सारे शब्दांत सांगण्याचा सोस ॲनिमेशनपटाने करू नये, कारण त्याला ते शब्दांवाचून अधिक नेमके कळते.

ॲनिमेशनच्या इतिहासात प्राणी आधी आले आणि त्यांची भाषा नंतर. विन्सर मॅके यांची डायनोसॉर गर्टी १९१४ मध्ये नुसत्या हालचालींनी लाडकी झाली. मिकी माऊस १९२८ मध्ये ‘स्टीमबोट विली’तून पडद्यावर आला तेव्हा त्या चित्रपटाचे नावीन्य संवादांत नव्हते, चित्राची लय व संगीत यांचा मेळ हे ते नावीन्य होते. ध्वनी आल्यावर प्राण्यांना वाचा फुटली. भारतात पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३० च्या दशकात ‘जंबूकाका’ हा कोल्ह्यावरील छोटा कार्टूनपट काढला. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या चित्रपटसंस्थेच्या कार्टून विभागातील चित्रकारांना डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांनी शिकवले आणि त्या विभागाचा ‘द बनयन डीअर’ (१९५७) जातककथेवर आधारलेला होता. दूरदर्शनमुळे घरोघरी पोचलेल्या ‘एक अनेक और एकता’ (१९७४, दिग्दर्शन विजया मुळे) या लघुपटात मुलांना गोष्ट सांगणारी ताई माणूस आहे, आणि तिच्या गोष्टीतील जाळ्यात सापडलेले पक्षी एकजुटीने उडून जातात. माणसे आणि प्राणी या दोन्हींची कामे इतक्या थोडक्यात आणि इतकी स्वच्छ वाटून दिलेली क्वचितच आढळतात.

प्राण्यांना पसंती मिळण्याचे तांत्रिक कारण माणसाच्या डोळ्यात दडलेले आहे. प्रत्येक प्रेक्षक जन्मापासून माणसांचे चेहरे आणि चाल पाहत आलेला असल्यामुळे माणसाच्या चित्रातील बारीकशी चूकही त्याला खटकते. उंदराच्या चालीबद्दल तो इतका काटेकोर नसतो. खऱ्या माणसाचे चित्रीकरण करून त्यावरून चौकटीगणिक रेखाटन करण्याची रोटोस्कोप ही पद्धत मॅक्स फ्लायशर यांनी याच अडचणीवर तोड म्हणून विकसित केली, आणि ‘स्नो व्हाइट’ (१९३७) करताना डिस्नेच्या चित्रकारांनी नायिकेसाठी एका नर्तिकेच्या चित्रित हालचालींचा आधार घेतला. संगणक आल्यावर ही अडचण वाढली. त्वचा, केस, कापडाच्या चुण्या यांचे गणित आरंभीच्या संगणकांना झेपत नव्हते, आणि प्लॅस्टिकचा गुळगुळीत पृष्ठभाग सहज जमत होता. ‘टॉय स्टोरी’ (१९९५) या पहिल्या पूर्ण लांबीच्या संगणकनिर्मित ॲनिमेशनपटाची मुख्य पात्रे खेळणी आहेत, यामागे हेही कारण होते. त्याच पिक्सार स्टुडिओने कीटक, राक्षस व मासे हाताळल्यानंतर २००४ मध्ये ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये माणसांचे कुटुंब केंद्रस्थानी आणले. त्याच वर्षी आलेल्या ‘द पोलर एक्स्प्रेस’मधील माणसे, खऱ्या नटांच्या हालचाली टिपून बनवलेली असूनही, अनेकांना निर्जीव वाटली. आकृती माणसाच्या फार जवळ गेली आणि तरी पूर्ण माणूस झाली नाही की पाहणाऱ्याला अस्वस्थ वाटते, हे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच मांडले होते. यावरून निष्कर्ष निघतो तो एवढाच की माणूस हुबेहूब काढू नये. माणूस काढूच नये, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मोजक्या रेषांत रेखाटलेला माणूस प्रेक्षकाला मुळीच खटकत नाही.

उलट प्राणी हुबेहूब काढला की बोलण्याचीच पंचाईत होते. प्राण्याला बोलते करायचे तर चित्रकाराला त्याच्या शरीरात माणूस बसवावा लागतो : बाजूला असलेले डोळे समोर आणायचे, डोळ्यांत पांढरा भाग वाढवायचा, भुवया द्यायच्या, मुस्कट आखूड करून ओठ ‘आ’, ‘ओ’, ‘म’ यांसारख्या ध्वनींनुसार वळतील असे करायचे. १९९४ च्या ‘द लायन किंग’मधील हाताने रेखाटलेल्या सिंहांना ही मोकळीक होती. २०१९ च्या आवृत्तीत सिंह खऱ्यासारखे दिसावेत असा आग्रह धरला गेला आणि चेहऱ्यावरचे भाव हरवल्याची टीका अनेक समीक्षकांनी केली. शोकाच्या प्रसंगी आवाज रडवेला येतो आणि मुख मात्र जांभई देणाऱ्या जनावराचे राहते.

मुके प्राणी या अडचणीतून मोकळे असतात. ‘डम्बो’ (१९४१) या चित्रपटाचा नायक असलेले हत्तीचे पिल्लू संपूर्ण कथेत एक शब्दही उच्चारत नाही. ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) मधला वनप्राणी फक्त गुरगुरतो, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या दोन लहान बहिणींचे मानवी दुःख त्यामुळेच ठळक होते. ‘रॅटाटुई’ (२००७) मध्ये उंदीर आपापसांत बोलतात, पण माणसांना ते बोलणे कळत नाही, आणि कथेतील सारी धडपड या मर्यादेतून जन्मते. लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांच्या ‘फ्लो’ (२०२४) या चित्रपटात एकही संवाद नाही; पुरात सापडलेले मांजर व त्याचे सोबती मांजरासारखे आणि कुत्र्यासारखेच वागतात. या चित्रपटाला २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळाला. तो ब्लेंडर या मोफत संगणकप्रणालीवर बनवलेला आहे, ही गोष्ट सांगलीसाताऱ्याच्या होतकरू ॲनिमेटरने विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

ही वाट मराठी साहित्यात सांगली जिल्ह्यातील माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी दाखवलेली आहे. त्यांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीत (साहित्य अकादमी पुरस्कार १९८३) वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष येतो. तिचे बळ वानरांच्या बसण्याउठण्याच्या, पळण्याच्या, झुंजण्याच्या आणि पिलांना कवटाळण्याच्या निरीक्षणात आहे. वानरांना वानरच राहू दिल्यामुळे वाचकाला त्यांच्यात माणूस दिसतो. ॲनिमेशनसाठी प्राणिपात्र घडवणाऱ्याने कोणत्याही परदेशी स्टुडिओच्या नमुन्याआधी या कादंबरीकडे वळावे.

केवळ माणसांवर उभे राहिलेले ॲनिमेशनपट थोडेथोडके नाहीत. लोटे रायनिगर यांनी १९२६ मध्ये कागदी छायाकृतींतून पूर्ण लांबीची राजपुत्राची कथा सांगितली. युद्धातील उपासमारीवरचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ (१९८८), इराणी मुलीच्या आठवणींचा ‘पर्सेपोलिस’ (२००७) आणि मुंबईतील फुले विकणाऱ्या तरुणीचा, गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ (२०१९) ही त्याची उदाहरणे होत. मराठीतील ‘प्रभो शिवाजी राजा’ (२०१८) विषयामुळेच मानवी पात्रांचा आहे.

व्यापारी सोय हा मुद्दा थोडक्यात सांगता येतो : प्राण्याला देश, पोशाख व धर्म नसल्यामुळे तो कोणत्याही बाजारात चालतो आणि त्याची खेळणी खपतात. महाराष्ट्राच्या संदर्भात यात आणखी एक गोष्ट मिसळते. मानवी पात्राला नाव दिले की आडनाव येते, आडनावातून जात आणि गाव डोकावते. कोल्ह्याला आडनाव नसते. त्यामुळे लेखकाला मोकळे वाटते, आणि कधी कधी जे बोलायला हवे तेही टाळता येते. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील दुष्काळ आणि चारा छावण्या हा विषय घेतल्यास हे स्पष्ट होईल. छावणीतील दिवस, पाण्याच्या टँकरची वाट, उसाच्या वाड्यावरची भूक हे सारे एखाद्या खिल्लार बैलाच्या नजरेतून उत्तम दाखवता येईल, आणि त्यासाठी तो मुका असला तरी चालेल. परंतु जनावर विकायचे की ठेवायचे हा निर्णय माणसाचा असतो. कर्ज कोणाकडून घेतले, पाणी कोणत्या शिवारात पोचले आणि कोणत्या शिवारापर्यंत आलेच नाही, हे प्रश्न माणसांचे आहेत. तो बैल बोलू लागला आणि त्यानेच या प्रश्नांची उत्तरे दिली, तर जबाबदार माणसे चित्राबाहेर राहतील. येथे शेतकऱ्याचा चेहरा रेखाटण्याला पर्याय नाही.

बोलक्या प्राण्याची एक सोय मात्र निर्विवाद आहे. त्याच्या तोंडाची हालचाल माणसाच्या ओठांइतकी काटेकोरपणे पाहिली जात नसल्यामुळे अशा चित्रपटांचे दुसऱ्या भाषेतील ध्वनिमुद्रण कमी खटकते. सांगलीसाताऱ्याकडील मुले परदेशी ॲनिमेशनपट बहुधा हिंदीतून पाहतात. मराठी रूपांतर करताना प्राण्यांनी कोणती मराठी बोलावी, हे संवादलेखकाने आधी ठरवले पाहिजे. सगळ्या प्राण्यांना पुस्तकी मराठी आणि केवळ गाढवाला किंवा म्हशीला ग्रामीण बोली देण्याची सवय अन्यायाची आहे, कारण तीच बोली बोलणारे मूल समोर बसलेले असते. कृष्णाकाठची किंवा माणदेशाची बोली सिंहाच्या, हत्तीच्या आणि शहाण्या घुबडाच्या तोंडीही तितक्याच गांभीर्याने घालता येते, आणि तसे करण्यात तंत्राची कोणतीही आडकाठी नाही.