‘स्थानिक’ कोण? कर्नाटकच्या नोकरी विधेयकाची पार्श्वभूमी

१५ जुलै २०२४ रोजी कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांतल्या नोकऱ्या स्थानिकांसाठी राखणाऱ्या विधेयकाला मंजुरी दिली आणि दोनच दिवसांत ते बाजूला ठेवले. व्यवस्थापनात ५० टक्के, बाकीच्या कामांत ७० टक्के जागा. नियम मोडल्यास १० ते २५ हजार रुपये दंड. बंगळूरच्या आयटी कंपन्या चवताळल्या, बातमीही तीच झाली. बेळगावच्या माणसाने वाचायला हवी होती ती ‘स्थानिक’ या शब्दाची व्याख्या: जन्म कर्नाटकातला, वास्तव्य १५ वर्षांचे, आणि कन्नड बोलता-वाचता-लिहिता येणारा. दहावीला कन्नड नसेल तर परीक्षा द्यायची.

मागणी जुनीच. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे सरकारच्या काळात, १९८३ मध्ये कन्नडिगांच्या नोकऱ्यांसाठी सरोजिनी महिषी समिती नेमली गेली. तिने ५८ शिफारशी केल्या. ‘महिषी अहवाल लागू करा’ हा धोशा तेव्हापासून प्रत्येक सरकारच्या मागे आहे. हरियाणाने असा कायदा करून पाहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

भाषेच्या अटीवर सीमाभागात बोलणारे पुष्कळ. मला खुपते ती जन्माची अट. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांची सोयरीक चंदगडशी, आणि पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे पोर वाढले बेळगावात, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला लागले, पण जन्मदाखला महाराष्ट्राचा. गंमत अशी की १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, हा एक तालुका तेवढा वगळून. आजीचे माहेर जिल्ह्यातच होते, सुनेचे परराज्यात गेले. घर तेच, वाटही तीच.

यावर महाराष्ट्राने नाक मुरडू नये. तिथेही उद्योगांत ८० टक्के स्थानिकांचे धोरण आहे आणि स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षे राहिलेला. वेंगुर्ला रस्त्याने हद्द ओलांडली की शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते. आजोळी जन्मून बेळगावात वाढलेला तो पोरगा तिथे गेला, तर जन्मदाखला चालत नाही, रहिवास मागतात. विधेयक जसेच्या तसे आले असते, तर उद्यमबागेत रहिवास असून जन्मदाखला आडवा आला असता.