गरवणे : कोकण किनाऱ्यावरील हौशी मासेमारी, तिचे निर्बंध आणि प्रतिनिधित्व

पोटापाण्यासाठी किंवा विक्रीसाठी नव्हे, तर छंद म्हणून समुद्रात वा खाडीत गळ टाकून मासे धरणे म्हणजे हौशी सागरी मासेमारी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिला ‘गरवणे’ म्हणतात. गरी म्हणजे गळ. ‘पागणे’ वेगळे, ते फेकजाळ्याचे काम. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१२ मध्ये हौशी मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतील व्याख्येत दोन कसोट्या आहेत : मिळालेली मासळी हा त्या माणसाच्या पोषणाचा मुख्य आधार नसावा आणि ती सहसा विकली जाऊ नये. कोकणात या कसोट्या जरा सैल कराव्या लागतात. मे महिन्यात घरी आलेला चाकरमानी असो की सेवानिवृत्त शिक्षक, खडपावर (काठच्या खडकाळ भागावर) बसून त्याने काढलेला मासा त्याच दिवशी कालवणात पडतो. जास्त मिळाले तर शेजारी देतात. तरीही यातला कोणी व्यावसायिक मच्छीमार ठरत नाही. रेषा ओढायचीच तर ती विक्रीपाशी ओढावी, हे सर्वांत न्याय्य.

गरवण्याच्या जागा बहुतेक खाड्यांच्या मुखाशी आहेत : मनोरी, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग, देवबाग, तेरेखोल. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जिथे मिसळते तिथे बारीक मासळी जमते आणि तिच्यामागे जिताडा, तांबोशी, रावस, शिंगाळा येतात. खडकांच्या कपारीत हेकरू असतो. जाणता माणूस आधी पाणी बघतो. सुकती (ओहोटी) संपून भरती लागते तो तास-दीड तास मोलाचा. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत पाण्याला ओढ असते, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत ते मंद असते आणि त्याप्रमाणे शिशाचे वजन बदलावे लागते. पूर्वी लाकडाच्या तुकड्यावर किंवा बाटलीवर गुंडाळलेली नायलॉनची दोरी, शिसे आणि जिवंत कोळंबी एवढ्यावर भागत असे. आता रॉड, रीळ, ल्युअर (कृत्रिम आमिष) आले आहेत आणि सुरमईसाठी होडी भाड्याने घेऊन खोल पाण्यात जाणारेही आहेत.

या छंदावरील निर्बंध समजून घ्यायचे तर आधी कायद्याची रचना पाहावी लागते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय आहे, त्यापलीकडची केंद्राचा. राज्याच्या हद्दीत महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, कारवाईचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले आणि दंड लाखांच्या घरात गेला. मात्र या कायद्याचा सगळा रोख नौका आणि जाळी यांच्यावर आहे. परवाना नौकेला मिळतो आणि बंदीही नौकेवर येते. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीन जाळ्यांवर (माशांचा थवा वेढून खालून आवळली जाणारी मोठी जाळी) जानेवारी ते ऑगस्ट बंदी घातली. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी आकर्षून करायच्या मासेमारीविरुद्धची कारवाईही यांत्रिक नौकांवरच होते. किनाऱ्यावरच्या पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी वर्षानुवर्षे संघर्ष केला आहे आणि हे नियम त्यांच्याच हक्काचे आहेत. हातात गळ घेऊन खडकावर उभा असलेला माणूस या चौकटीत कुठे बसतो, याचे उत्तर कायदा देत नाही.

सर्वांना ठाऊक असलेला निर्बंध म्हणजे पावसाळी बंदी. पूर्वी तिचा शेवट नारळी पौर्णिमेशी जोडलेला असे. आता महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट आहे. हौशी माणूस भाड्याच्या यांत्रिक होडीतून जाणार असेल तर बंदी त्यालाही आड येते आणि पर्यटनाच्या होड्याही या काळात बंदच असतात. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला मात्र ती शिवत नाही. उलट जून-जुलैतच खाडीमुखांवर गर्दी वाढते, कारण बाजारात ताजी मासळी कमी असते आणि मोठा मासा काठाजवळ आलेला असतो.

तो काठाजवळ का येतो, हे जिताड्याच्या आयुष्यक्रमावरून कळते. जिताडा लहानपणी गोड्या पाण्यात, खाडीच्या वरच्या अंगाला वाढतो. रायगडातल्या पेण-अलिबागकडच्या खारपट्ट्यात तो घरच्या तळ्यांतही पाळतात. अंडी घालण्यासाठी मात्र त्याला खारे पाणी लागते आणि पावसाळ्यात तो मुखाकडे उतरतो. हा मासा आधी नर असतो. काही वर्षे वाढल्यावर त्याची मादी होते. त्यामुळे फोटोसाठी दोन्ही हातांत धरलेला मोठा जिताडा जवळजवळ नेहमीच मादी असतो आणि पावसाळ्यात तिच्या पोटात लाखो अंडी असू शकतात. हेकरूचे उलट आहे : तो आधी मादी असतो, पुढे त्यांतल्या काहींचे नर होतात. सगळे मोठे हेकरू काढले तर त्या खडपाला नर उरत नाहीत. तांबोशीची पिल्ले कांदळवनात वाढतात आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या खडकांकडे जातात. खाडीत मिळणारी तांबोशी बहुधा वीण न झालेलीच असते.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले आणि त्याच वर्षी पापलेट राज्यमासा म्हणून घोषित झाला. लहान मासळी वाचवण्याचे हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण जिताड्याला केवळ किमान आकार पुरेसा नाही, कमाल आकारही हवा. ठरावीक लांबीपेक्षा मोठा मासा पाण्यात परत सोडायचा, असा नियम गळाने मासे धरणाराच नीट पाळू शकतो. जाळ्यातून वर येईपर्यंत मासा गुदमरलेला असतो, गळावरचा मासा जिवंत हातात येतो. ओल्या हाताने धरून, गळ चटकन काढून सोडला तर तो जगण्याची शक्यता चांगली असते. खोल पाण्यातून झपाट्याने वर ओढलेल्या हेकरूचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) मात्र फुगलेला असतो. त्याला नुसते सोडून भागत नाही.

काही ठिकाणी आणि काही जिवांबाबत हौशी असण्याने फरक पडत नाही. मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौ.किमी. असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्याभोवतीचा भाग गाभा क्षेत्रात येतो. इथल्या मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध राहिला आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचे पाणी एका घोषणेने परके होईल ही त्यांची भीती आहे. तिथे गळ घेऊन जाणाऱ्या पाहुण्याने ही वेदना लक्षात ठेवली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये व्हेल शार्क, करवतमासा, समुद्रघोडा, समुद्री कासवे आणि डॉल्फिन संरक्षित आहेत. चुकून गळाला लागले तरी ते तत्काळ सोडावे लागतात. बंदरे, नौदलाचा परिसर, अणुऊर्जा प्रकल्पांलगतचा किनारा इथे प्रवेशावर बंधने आहेत. समुद्रातील तेल फलाटांभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. हौशी माणसाकडे असे काही नसते आणि रात्री धक्क्यावर पोलिसांनी हटकले की तो निरुत्तर होतो.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. व्यावसायिक मच्छीमारांच्या गावोगावी सहकारी संस्था आहेत, अखिल महाराष्ट्र मच्छिमार कृती समितीसारख्या संघटना आहेत, आणि निर्णयाआधी त्यांचे म्हणणे ऐकले जाते. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा दिला, तोही व्यवसायालाच. राज्यातली गळवाल्यांची जुनी संघटना, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन, पवईच्या तलावावरची आहे. तिचे विश्व गोड्या पाण्याचे. समुद्रकाठचे गळवाले मोबाइलवरच्या गटांत भेटतात. तिथे जागा, आमिष, भरतीच्या वेळा यांची देवाणघेवाण होते. शासनाकडे निवेदन नेणे हा त्या गटांचा उद्देश नसतो.

इतर देशांत ही वाट निघाली आहे. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने आठ प्रादेशिक मत्स्यपरिषदा नेमल्या आणि त्यांत व्यावसायिकांबरोबर हौशी मासेमारांनाही स्थान आहे. युरोपात २०१५ मध्ये बास या खाद्य समुद्री माशाचा साठा घटला तेव्हा हौशी माणसाला दिवसाला ३ मासे अशी मर्यादा आली, पुढच्या वर्षी ती आणखी कडक झाली. तिथल्या गळवाल्यांनी आपल्या संघटनांमार्फत निषेध केला, आकडे मागितले, आणि लहान बास वाचवण्याची मागणीही केली. कोकणात ही पद्धत जशीच्या तशी आणता येणार नाही. इथे समुद्रावरचा पहिला हक्क कोळी, गाबीत, भंडारी, दालदी अशा समाजांचा आहे आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या पंचवीस-तीस घरांच्या पोटासमोर छंदाला बरोबरीची खुर्ची मागता येत नाही. पण सल्ला देण्यापुरती जागा आणि तिच्याबरोबर येणारी बंधने हौशींनी स्वतःहून मागायला हवीत : नोंदणी, दिवसाची मर्यादा, जून-जुलैत खाडीमुखावर मोठा जिताडा सोडून देण्याची सक्ती, विक्रीला पूर्ण मनाई, तुटलेली नायलॉन दोरी परत आणण्याची शिस्त. खडपांत अडकलेल्या दोरीत बगळे आणि खेकडे गुंतून मरतात. असा सल्ला नाकारायला मच्छीमार संस्थांनाही कारण उरणार नाही.

यातले पहिले काम मोजणीचे आहे. राज्याच्या सागरी मत्स्योत्पादनाचे अंदाज मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर घेतलेल्या नमुन्यांवर आधारलेले असतात. भाट्ये किंवा निवतीच्या खडपावरून पिशवीत घालून थेट घरी गेलेला मासा त्या केंद्रावर येतच नाही. माशाची जात, लांबी, तारीख, भरतीची वेळ आणि मासा ठेवला की सोडला, एवढे प्रत्येक गळवाल्याने वहीत लिहिले तर एका खाडीचा पावसाळा दोन-तीन वर्षांत कागदावर येऊ शकतो.