मधल्या वर्गांतला आदर आणि आधार : शंभर वर्षांची पार्श्वभूमी

मधल्या इयत्तांतल्या मुलांसाठी वेगळी शाळा असावी ही कल्पना अमेरिकेत रुजली, तेव्हा त्यामागे मुलांच्या मनाचा विचार थोडा होता. शाळागळतीचे आकडे आणि पुढच्या अभ्यासाची घाई जास्त होती. तोवर तिथे आठ वर्षं प्राथमिक आणि चार वर्षं हायस्कूल अशी सरळ विभागणी होती. माध्यमिकचे विषय लवकर सुरू करावेत असा आग्रह विद्यापीठांकडून १८९० च्या दशकापासूनच होता. मुलं वरच्या वर्गांत पोहोचण्याआधीच शाळा सोडतात, हे शिक्षण-संशोधक लेनर्ड एअर्स यांनी १९०९ मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिलं. त्याच वर्षी ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात आणि लगेच पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत मधल्या इयत्तांच्या स्वतंत्र शाळा निघाल्या. ‘ज्युनियर हाय’ हे त्यांचं नाव. पाच वर्षं आधी, १९०४ मध्ये, मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी किशोरवयावर दोन खंडी ग्रंथ लिहून हा वादळी काळ असल्याचं ठसवलं होतं, त्याचाही आधार या शाळांना मिळाला.

नावातच ‘धाकटं हायस्कूल’ होतं आणि कारभारही तसाच झाला. दर तासाला घंटा, दर विषयाला वेगळा शिक्षक, वेगळी खोली. या बदलाने मुलाचं काय होतं ते जवळून पाहायला हवं. सहावीपर्यंत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. एखाद्याचं अक्षर आज बिघडलंय, डबा न खाता परत चाललाय, नेहमीची मैत्रीण शेजारी बसलेली नाही, हे त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाही. पुढच्या वर्षी तेच मूल दिवसाकाठी सहा-सात शिक्षकांसमोर बसतं आणि त्या प्रत्येक शिक्षकापुढून दिवसभरात शंभराहून जास्त मुलं जातात. वाईट कुणीच नसतं. पण हे मूल आज गप्प आहे, हे कळायला काल ते कसं होतं हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं. नेमकी ती जागा रिकामी झाली. आदर आणि आधार हे शब्द पुढे ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिले, तो प्रश्न वेळापत्रकाच्या या मांडणीत दडला होता.

जुलै १९६३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या एका परिषदेत शिक्षणतज्ज्ञ विल्यम अलेक्झांडर यांनी हे बोलून दाखवलं. ज्युनियर हायस्कूल मोठ्या शाळेची नक्कल करत बसलं आहे. या वयाची गरज ओळखणारी ‘मिडल स्कूल’ हवी, असं त्यांचं म्हणणं. पेनसिल्व्हेनियातले शाळाप्रशासक डोनल्ड आइकहॉर्न यांनी १९६६ मध्ये बालपण आणि किशोरवय यांच्यामधल्या या टप्प्याला स्वतंत्र नाव दिलं आणि शरीराच्या वाढीचा अभ्यास पुढे ठेवून शाळेची रचना मांडली. एकाच वर्गात बारा वर्षांची दोन मुलं शेजारी बसतात. एकाचा आवाज फुटलेला असतो, दुसऱ्याचे दुधाचे दात अजून पडत असतात. दोघंही आरशासमोर उभे राहून ‘माझंच काहीतरी चुकलंय’ असं मनात म्हणत असतात. चिडवण्याला इतका मोठा विषय दुसऱ्या कोणत्याच वयात मिळत नाही, हे ज्यांनी या वयाची मुलं शिकवली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

अलेक्झांडर यांचं म्हणणं झपाट्याने पसरलं, मात्र त्याला बाहेरची कारणंही होती हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची प्राथमिक शाळांत दाटी झाली होती आणि गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करताना अनेक गावांना इयत्तांची नव्याने मांडणी करावी लागत होती. पाट्या बदलल्या, आतला दिवस पुष्कळ ठिकाणी तोच राहिला. तरी १९७३ मध्ये मिडल स्कूलच्या शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९८२ मध्ये तिने आपली भूमिका छापून जाहीर केली. चार-पाच शिक्षकांचा एक गट आणि त्याच्याकडे ठरावीक शंभर-सव्वाशे मुलं, ही पद्धत या चळवळीने रुजवली. दुसरी पद्धत ‘अॅडव्हायझरी’ची. दहा-पंधरा मुलं, एक शिक्षक, रोजची पंधरा-वीस मिनिटं आणि त्यात ना विषय, ना गुण. चांगल्या चाललेल्या गटात खुर्च्या गोल असतात, शिक्षक प्रत्येकाला नावाने हाक मारतो आणि काल आजारी असलेल्याची विचारपूस मुलंच करतात. वाईट चाललेल्या गटात हीच वीस मिनिटं सूचना वाचण्यात आणि हजेरीत जातात. तास एकच, कागदावर नाव एकच. एवढ्यासाठीच अशा उपक्रमांचं मोजमाप ते ‘आहेत की नाहीत’ यावर करू नये असं मला मनापासून वाटतं.

मुलं या वयात बिघडतातच, हा समज तोवर पक्का होता. त्याला धक्का दिला संशोधनाने. रोबर्टा सिमन्स आणि डेल ब्लाइथ यांनी मिल्वॉकी शहरातल्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. त्यांचं पुस्तक १९८७ मध्ये आलं. सातवीत नव्या ज्युनियर हायमध्ये गेलेल्या मुलींचा स्वतःवरचा विश्वास घसरलेला दिसला; त्याच वयाच्या, पण आठवीपर्यंत जुन्याच शाळेत राहिलेल्या मुलींच्या बाबतीत तशी घसरण दिसली नाही. वय तेच, शाळा वेगळी. मिशिगनमध्ये जॅकलिन एक्लिस आणि कॅरल मिजली यांनी सहावी आणि सातवीच्या गणिताच्या वर्गांची तुलना केली. स्वतः ठरवू द्या, असं मुलांना ज्या वयात वाटू लागतं, नेमक्या त्याच वयात त्यांच्या वाट्याला जास्त धाक आणि कमी विश्वास येत होता. १९८९ मध्ये किशोरवयीन मुलांच्या वाढीचा विचार करणाऱ्या कार्नेगी कौन्सिल या अमेरिकी मंडळाने मधल्या इयत्तांवर जो अहवाल काढला, त्यात म्हणूनच अवाढव्य शाळांचे लहान समूह करावेत आणि प्रत्येक मुलाला नीट ओळखणारं एक तरी मोठं माणूस शाळेत असावं, अशी मागणी ठळकपणे आली.

याच धाग्यातली एक आधीची गोष्ट सांगायलाच हवी, जरी ती प्राथमिक शाळेतली असली तरी. बालमानसतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात गरीब वस्त्यांतल्या दोन शाळांबरोबर काम सुरू केलं. खेड्यातून नुकताच आलेला आठ वर्षांचा एक मुलगा, कामावर जाता जाता नातेवाइकाने शाळेत आणून सोडलेला. बाईंच्या वर्गात आधीच नव्या मुलांची भर पडत होती. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटली. मुलाने ती वाचली, घाबरला, बाईंना मारलं आणि वर्गाबाहेर पळाला. एरवी हे प्रकरण शिक्षेने मिटलं असतं. कोमर यांच्या गटाने शिक्षकांना विचारलं, त्या मुलाच्या जागी तुम्ही असता तर? मग नव्या मुलाचं स्वागत कसं करायचं, त्याच्याबरोबर कुणाला द्यायचं, याची पद्धत शाळेनेच बसवली. पालक, शिक्षक आणि कर्मचारी एका टेबलाशी बसतील तेव्हा दोष कुणाचा हे उगाळायचं नाही, हा त्यांचा नियम होता. आदर म्हणजे मुलांनी मोठ्यांशी नीट वागणं, एवढाच अर्थ धरणाऱ्या काळात हा मोठा उलटा प्रवाह होता.

युरोपच्या उत्तरेला वेगळ्या बाजूने सुरुवात झाली. स्वीडनमधले डॉक्टर पेटर-पॉल हाइनमान यांनी १९६९ मध्ये शाळेच्या आवारात घोळक्याने एकावर तुटून पडण्याला ‘मॉबिंग’ हा शब्द लावला. पक्ष्यांचा थवा एखाद्यावर झडप घालतो, त्यावरून तो आलेला. मानसशास्त्रज्ञ दान ओल्वेउस यांना मात्र घोळका हे पूर्ण उत्तर वाटेना. त्यांनी मुलांनाच विचारून मोजमाप केलं आणि १९७३ मध्ये आपले निष्कर्ष स्वीडिश पुस्तकात मांडले. मुद्दाम, वारंवार आणि ज्याला परतून उत्तर देता येत नाही अशावर केलेला त्रास म्हणजे छळ. भांडण वेगळं आणि छळ वेगळा, ही आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या त्यांच्याच कामातून आली.

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत १० ते १४ वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं, असं मानलं गेलं. देश हादरला आणि १९८३ मध्ये सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. त्या वेळच्या पाहणीत साधारण १५ टक्के मुलं छळात गुंतलेली आढळली, काही सोसणारी, काही करणारी. बर्गन शहरातल्या ४२ शाळांतल्या सुमारे २,५०० मुलांबरोबर ओल्वेउस यांनी जो कार्यक्रम राबवला, त्यात दोन वर्षांत छळाच्या तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्या. त्यांच्या निष्कर्षांतला एक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो अगदी साधा आहे: मधल्या सुट्टीत मैदानावर मोठी माणसं जितकी जास्त, तितका छळ कमी. वर्ग लहान की मोठा याने मात्र फारसा फरक पडत नव्हता. चष्मा किंवा केसांचा रंग यांमुळे मूल लक्ष्य होतं, या समजुतीलाही त्यांच्या आकड्यांनी फारसा आधार दिला नाही.

तरी मोठी माणसं सगळीकडे असू शकत नाहीत. टोरांटोत डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांच्या गटाने मैदानावर कॅमेरे लावले, मुलांच्या अंगावर लहान मायक्रोफोन दिले आणि चित्रफिती तपासल्या. छळाच्या बहुतेक प्रसंगांत आजूबाजूला मुलं हजर होती. मध्ये कुणी पडलं ते फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जिथे पडलं, तिथे निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. हा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. ‘अरे, सोड ना त्याला’ एवढं म्हणायला दहा सेकंद पुष्कळ झाले, आणि तेवढं म्हणायची हिंमत गोळा करायला एखाद्या मुलाला वर्ष पुरत नाही.

फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये या बघ्यांचीच नीट विभागणी केली: करणाऱ्याला साथ देणारे, हसून खतपाणी घालणारे, बाजूला सरकणारे, सोसणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे. हसणारा बंद झाला की करणाऱ्याचा रस ओसरतो, या धाग्यावर तुर्कू विद्यापीठाने ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला. फिनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘छान’. २००९ पासून तो देशभर पसरला. त्यात सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक लांबून उठून दिसणारी जाकिटं घालतात आणि सोसणाऱ्या मुलाशेजारी राहायला वर्गातल्या मानाच्या दोन-चार मुलांना सांगितलं जातं.

मध्यंतरी अमेरिकेने उलटी वाट धरली होती. शाळेत शस्त्रं आणण्याविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामागोमाग ‘झीरो टॉलरन्स’ची, म्हणजे चुकीला अजिबात माफी नाही अशी, शिस्त किरकोळ चुकांपर्यंत पोहोचली, मुलं घरी बसवली जाऊ लागली. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये छापलेल्या अहवालात याने शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही, असं स्पष्ट म्हटलं. त्याच १९९४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये मार्गरेट थॉर्सबोर्न यांनी एका गंभीर मारहाणीनंतर दोन्ही बाजूंच्या मुलांना आणि घरच्यांना गोलात बसवलं होतं. काय झालं, कुणाला काय सोसावं लागलं, आता ते भरून कसं काढायचं, अशा प्रश्नांवर ती बैठक चालली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबाची बैठक आणली होती, त्यावरून ही पद्धत शाळेत आली. शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या २८ व्या कलमातही १९८९ पासून लिहिलेलं आहे.

किवाच्या पुढच्या तपासणीत एक गोष्ट लक्षात आली. लहान वर्गांत कार्यक्रमाचा परिणाम चांगला दिसला. सातवीपासून पुढे तो फिका पडला. कारणं एकापेक्षा जास्त असतील, या वयात सोबत्यांत वर चढण्याची धडपड वाढते हे त्यातलं एक. पण दुसरं शाळेच्या मांडणीत आहे. लहान वर्गांत किवाचे धडे रोजचे वर्गशिक्षक घेतात, त्यांना मुलं पाठ असतात. वरच्या इयत्तांत तेच काम विषयशिक्षकांत वाटलं जातं आणि तास संपल्याची घंटा झाली की ते पुढच्या खोलीकडे निघतात.