हळदीच्या स्टेजवर कोणता बेस चालेल?

खानदेशात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. हाताशी तीस-पन्नास हजार आहेत, तर बेस गिटार कोणता, फेंडर कंपनीच्याच स्क्वायर ब्रँडचा क्लासिक व्हाइब जॅझ घ्यावा की यामाहाचा टीआरबीएक्स 304? दोन्ही चार तारांचे, दोन्हींचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 34 इंच, दोन्हींची सगळ्यात जाड तार 41.2 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तितके कंप घेत, वाजणारी. मग चर्चा लाकूड, रंग आणि कोण कलाकार कोणता वाजवतो यावर घसरते. हे बेस पाचोऱ्याच्या हळदीत किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत जनरेटरवर वाजणार असतील, तर निवड विजेवरून करावी, असं माझं ठाम मत आहे.

तारेचा कंप विजेत बदलणारा भाग म्हणजे पिकअप. बेसच्या पिकअपमध्ये असतं काय? चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःही चुंबकीय होते. ती हलली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं 1831 मध्ये शोधलेला नियम तो हाच. पण हे वेढे तारेला ओळखत नाहीत. आसपासचं कुठलंही बदलतं चुंबकीय क्षेत्र त्यांना सारखंच. स्टेजमागची केबलची भेंडोळी, अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर, लायटिंगचे डिमर, सगळ्यांची वीज सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होते आणि पिकअप तीही इमानानं उचलतो. मग साऊंडवाला मिक्सरवरून ओरडतो, “भाऊ, बेस खाली घे, भुणभुण येतेय!”

ही भुणभुण बेसवाल्याला गिटारवाल्यापेक्षा जास्त का छळते, याचं कारण आकड्यांत आहे. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (दांडीवरच्या आडव्या पट्टीचा) जी सूर 49 हर्ट्झचा, म्हणजे विजेच्या 50 ला अगदी खेटून. मोकळी जी तार 98 हर्ट्झची आणि भुणभुणीचा दुप्पट सूर 100 चा. इतके जवळचे दोन आवाज एकत्र आले की ते एकमेकांना कधी उचलतात, कधी दाबतात. पहिल्या जोडीत सेकंदाला एकदा आणि दुसरीत दोनदा आवाज हेलकावतो. लांबवलेला जी गचके खात असेल तर वादक ट्यूनर काढतो, पण तार सुरातच असते. जनरेटरवर लोड वाढला की त्याचा वेग थोडा पडतो, 50 चा आकडा सरकतो आणि हेलकाव्यांची गतीही बदलते. गिटारवाल्याचं बरंचसं वाजवणं याच्या वर असतं, शिवाय त्याच्या चॅनलचे खालचे सूर साऊंडवाला बिनधास्त कापू शकतो. बेसचे कापले तर उरलं काय?

उपाय जुना आहे. वेढ्यांचे दोन गुंडाळे, म्हणजे कॉइल, घ्यायचे, एकाचा चुंबक दुसऱ्याच्या उलट ठेवायचा आणि वेढेही उलटे द्यायचे. तारेचा आवाज दोनदा उलटल्यामुळे सुलट होऊन बेरजेत येतो. बाहेरच्या भुणभुणीला चुंबकाशी देणंघेणं नाही, ती एकदाच उलटते आणि वजा होते. टीआरबीएक्सच्या दोन्ही पिकअपमध्ये हीच जोडी आहे, त्यामुळे नॉब कुठेही फिरवा, भुणभुण जवळजवळ येत नाही. फेंडरनं 1960 मध्ये आणलेल्या जॅझ बेसचे पिकअप एकेरी कॉइलचे. दोन पिकअप परस्परांच्या उलट गुंडाळलेले असले तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवल्यावर भुणभुण जाते. पण जॅझ घेतात कशासाठी? ब्रिजजवळचा (तारा जिथं बेसच्या अंगावर अडकवलेल्या असतात तिथला) एकटा पिकअप उघडून तो धारदार, गुरगुरणारा आवाज काढण्यासाठी. नेमकं तेव्हा भुणभुण परत येते.

अर्थिंगबद्दल इथंच बोलायला हवं. बेसच्या तारा ब्रिजमधून लीडच्या, म्हणजे बेसच्या केबलच्या, जाळीला आणि तिथून अॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. म्हणून तारेवर हात ठेवला की खरखर कमी होते. पण अॅम्प एका बोर्डावर, माईकची सिस्टिम दुसऱ्यावर आणि एखादीकडं करंट गळत असेल, तर हात तारेवर आणि ओठ माईकवर ठेवणारा माणूस दोघांमधली वाट बनतो. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथं लेस हार्वी हा गिटारवादक स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून शॉकनं मरण पावला. ओल्या शेतात मांडव असेल तर माईकच्या जाळीला टेस्टर लावल्याशिवाय कोरस गाऊ नका. यातून कुठलाही बेस वाचवत नाही.

दुसरी अडचण लीडची. आपल्याकडं बेसचा अॅम्प क्वचितच असतो, लीड सरळ मिक्सरच्या लाइनमध्ये जाते. जॅझसारख्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या, बेसच्या पिकअपचं इंडक्टन्स (बदलत्या विजेला अडवण्याचा वेढ्यांचा गुण) 4 हेन्री धरलं, तर 100 हर्ट्झला त्याचा अडथळा अडीच हजार ओहम भरतो आणि 1000 हर्ट्झला पंचवीस हजार. मिक्सरच्या लाइन इनपुटचं इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा अडथळा, साधारण दहा हजार ओहम. म्हणजे खालचे सूर पुढं जातात आणि बोटांचा टणत्कार, स्लॅपची धार पिकअपमध्येच अडते. आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा होतो आणि दोष बेसला मिळतो. मध्ये दहा लाख ओहमचा डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) ठेवला तर जॅझ खुलतो. टीआरबीएक्समध्ये 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअॅम्प (आतच सिग्नल वाढवणारं सर्किट) असल्यानं, म्हणजे तो अॅक्टिव्ह बेस असल्यानं, त्याला मिक्सर आणि लांब लीड दोन्ही सोसतात. जॅझ घेणाऱ्यानं डीआयचे पैसे त्याच्या किमतीत धरावेत.

बॅटरीचं पथ्य मात्र पाळावं लागतं. जॅक घातला की प्रीअॅम्प सुरू होतो, त्यामुळे लीड बेसमध्ये तशीच ठेवली तर रात्रभर बॅटरी झिजते. पॅसिव्ह स्विच नसलेला अॅक्टिव्ह बेस बॅटरी संपत आली की आधी त्याचा आवाज फाटतो, मग तो गप्प बसतो.

अॅक्टिव्ह बेस हातात आला की पोरं बासचा, म्हणजे खालचे सूर वाढवणारा, नॉब पूर्ण फिरवतात. 10 डेसिबल वाढ म्हणजे अॅम्पकडं दहापट शक्तीची मागणी. मांडवातल्या बऱ्याच टॉप स्पीकरना 41 हर्ट्झ झेपतच नाही. तरी लोकांना खालचा ई ऐकू येतो, कारण 82, 124, 165 हे त्याचे वरचे सूर कानावर पडले की त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मेंदू मूळ सूर भरून काढतो. श्रवणाच्या अभ्यासातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही! म्हणून मोकळ्या मैदानात बास नॉब मध्यावर ठेवून 100 ते 400 हर्ट्झचा पट्टा नीट जपला, तर बेस ढोलकी आणि कीबोर्डमधूनही उमटतो.

लाकडाचा मुद्दा मला आवाजापेक्षा नेकसाठी, म्हणजे बेसच्या दांडीसाठी, महत्त्वाचा वाटतो. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या घरात, हवा कोरडी. जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड ओल घेतं आणि सोडतं, नेक वाकतो. टीआरबीएक्सचा नेक मेपल आणि महोगनीच्या पाच पट्ट्या चिकटवून केलेला आहे. एका पट्टीची ओढ दुसरी आवरते, त्यामुळे पीळ बसण्याची शक्यता कमी. ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) दोन्हींना आहे, वर्षातून दोनदा तो पाव फेऱ्यानं पाहून घ्यावा. बंद गाडीत तापलेला बेस लगेच ट्यून करू नये. पोलादी तार तापली की सैल पडते आणि रात्रीच्या गारव्यात सूर वर चढतो.

गावोगावच्या हळदी, यात्रा, उघडी मैदानं हेच ज्याचं पोट, त्यानं टीआरबीएक्स घ्यावा. बंदिस्त हॉल, स्वतःचा डीआय आणि ओळखीचा साऊंडवाला असेल, रेकॉर्डिंगही करायचं असेल, तर जॅझच्या ब्रिज पिकअपची गुरगुर मला आजही जास्त भावते. जळगावात घ्या नाहीतर सुरत, इंदूर, पुण्याहून आणा, पण दुकानात लाइट डिमर किंवा जुना चोकवाला ट्यूबलाइट चालू असताना एकेक पिकअप वेगळा उघडा, मोकळी जी तार लांबवा आणि बेस हातात धरून हळूहळू गोल फिरा. कॉइलची दिशा बदलली की भुणभुण कमी-जास्त होते. जॅझ घेणार असाल तर ती कुठं सगळ्यात कमी होते ते लक्षात ठेवा. स्टेजवर उभं राहायची दिशा तशीच शोधायची असते.