हवेचं वजन करणारी टेप

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत सोलापूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हवेच्या आकड्यांचे स्क्रीनशॉट फिरू लागतात. एका ॲपवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, १००, दुसऱ्यावर त्याच वेळी दीडशेच्या वर. मग कोणीतरी लिहितंच, "सगळे आकडे बोगस!" पण यात बोगस काही नसूही शकतं. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे पीएम २.५, घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय निर्देशांक १०० येतो, शेरा 'समाधानकारक'. अमेरिकेच्या कोष्टकात तीच हवा १५०च्या पुढे जाते आणि 'आरोग्यास अपायकारक' ठरते. बरीच परदेशी ॲप्स हेच कोष्टक वापरतात.

मला जास्त मोलाचा वाटतो तो मूळ आकडा. हे ६० मायक्रोग्रॅम मोजले कसे?

जुनी पद्धत सरळ आहे. फिल्टर कागदाचं वजन करायचं, त्यातून दिवसभर हवा ओढायची, पुन्हा वजन करायचं. सात रस्ता आणि वालचंद इन्स्टिट्यूटच्या आवारात अशी मोजणी होत आली आहे. आठवड्यातून दोनदा, वर्षाकाठी १०४ नमुने. पद्धत भरवशाची, पण सकाळी सातला हवा कशी होती आणि दुपारी तीनला कशी, हे त्यातून कळत नाही.

ते सांगतं बीटा यंत्र. त्याच्या तोंडाशी हवेला जोरात वळण दिलेलं असतं. बारीक कण हवेबरोबर वळतात, जाड कणांना वळता येत नाही, ते बाजूला पडतात. म्हणून हवेचा वेग ठरलेलाच लागतो, मिनिटाला १६.७ लिटर, तासाला साधारण एक घनमीटर. ही हवा काचतंतूंच्या टेपमधून जाते आणि टेपवर राखाडी ठिपका उमटतो. हवेत ९० मायक्रोग्रॅम धूळ असेल, तर तासाभरात ठिपक्यावर जमते तिळाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढी. इतकं वजन तोलायचं कसं?

टेपच्या एका बाजूला बहुधा कार्बन-१४चा लहानसा स्रोत असतो, त्यातून वेगवान इलेक्ट्रॉन, म्हणजेच बीटा कण, बाहेर पडतात; दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉन मोजणारा शोधक. आधी कोऱ्या टेपमधून किती इलेक्ट्रॉन पार होतात ते मोजायचं, मग धूळ बसल्यावर. जेवढे कमी झाले, त्यावरून वस्तुमान. घट घातांकी असते, म्हणून हिशेब लॉगॅरिदमने करतात. कमाल पुढे आहे. बीटा कणांना अडवतात ते धुळीतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन. कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, कॅल्शियम या सगळ्यांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळपास सारखे, त्यामुळे दर ग्रॅममागे इलेक्ट्रॉनही जवळपास सारखे. कण मातीचा असो की बॉयलरच्या धुराचा, यंत्राला रंग दिसत नाही, फक्त वजन दिसतं. लोखंडाला आकडा किंचित कमी, हायड्रोजनला दुप्पट. धुळीत हायड्रोजन थोडाच, पण कणांनी शोषलेलं पाणी वजनात धरलं जातं, म्हणून आत येणारी हवा थोडी तापवून घ्यावी लागते. घरगुती स्वस्त मीटर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. धुक्याच्या सकाळी ते पाण्याच्या थेंबांनाही धूळ समजतात.

गोवरी आणि तूप जाळलं की हवा शुद्ध होते, ऑक्सिजन तयार होतो, असे संदेशही याच ग्रुपवर येतात. ज्वलनात ऑक्सिजन खर्च होतो. तो धूर बीटा यंत्राजवळ केला तर ठिपका गडदच होईल. पूजा श्रद्धेने करावी, हवेच्या नावावर खपवू नये.

सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, तो २०१९ साली सुरू झाला. इथला मुख्य त्रास पीएम १०चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा. त्याच्या वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. कोरडं हवामान, उघड्या मातीच्या साइडपट्ट्या, न झाकता धावणारे वाळू-मुरमाचे डंपर. यावर फवारे मारणाऱ्या गाड्यांपेक्षा साइडपट्टी पक्की करणं आणि रस्ता झाडण्याऐवजी धूळ ओढून घेणं मला जास्त पटतं. पाणी उन्हात तासाभरात सुकतं, माती तिथेच राहते. शहराबाहेर फडात जाळलेल्या पाचटाचा धूर मात्र महापालिकेची हद्द बघत नाही. पाचट कुट्टी करून जमिनीतच कुजवणं हाच त्यावर उपाय, आणि तो जिल्हा पातळीवरच होऊ शकतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर तासागणिक आकडे मिळतात. एक्यूआय बाजूला ठेवून पीएम १० आणि पीएम २.५ शेजारी शेजारी बघा. पीएम १० एकटं उसळलं आणि २.५ जागेवर राहिलं, तर बहुधा माती उडते आहे. तक्रार रस्ते विभागाकडे करा. दोन्ही बरोबरीने चढले, तेही रात्री वारा पडल्यावर, तर जवळपास काहीतरी जळतंय. अशा वेळी वॉर्डातला कचऱ्याचा ढीग आधी बघून या.